सोनं पाहायला गेलो, पाणी दिसलं

जैसलमेरमध्ये एक दिवस, एका गाइडच्या मागे मागे

लाँग वीकेंड जवळ आला की प्रत्येक ऑफिसात तीच चर्चा रंगते. कुणी गोवा म्हणतं, कुणी महाबळेश्वर, आणि शेवटी सगळे लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये सापडतात. तुम्हालाही याचा कंटाळा आला असेल आणि चार दिवसांची रजा साहेबांकडून पदरात पाडून घेता येत असेल, तर थेट देशाच्या पश्चिम टोकाकडे निघा. जोधपूर सोडून आणखी २८५ किलोमीटर पुढे. वाटेत झाडं आधी खुजी होतात, मग विरळ होतात, मग नुसतीच काटेरी झुडपं उरतात. आता पुढे काही नाही अशी खात्री पटत असतानाच सपाट वाळवंटात एका टेकडीवर पिवळाधमक किल्ला दिसतो. जैसलमेर!

फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. उंट, वाळू, किल्ल्यामागे मावळणारा सूर्य. पण असल्या ठिकाणी मुळात गाव वसलं का आणि साडेआठशेहून जास्त वर्षं टिकलं कसं, हे काही फोटोत दिसत नाही. त्यासाठी हाताशी एक पूर्ण दिवस हवा आणि सोबत एक चांगला गाइड.

जाण्याआधी एक छोटं गणित डोक्यात ठेवा. इथे वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरच्या आतबाहेरच पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात पडला होता ९४४ मिलिमीटर. म्हणजे आपल्याला बुडवून गेलेला एका दिवसाचा पाऊस जमा व्हायला जैसलमेरला जवळपास पाच वर्षं लागतात.

आम्ही चौघं होतो. एक आयटीवाला, एक बँकवाली, जाहिरात कंपनीतला एक कॉपीरायटर आणि मी. आयटीवाल्याचं म्हणणं होतं, गाइड कशाला, मोबाइलवर सगळं मिळतं. हॉटेलच्या मॅनेजरने तरीही एकाला बोलावून घेतलं. गळ्यात ओळखपत्र, पांढऱ्या भरघोस मिशा, वय पंचावन्नच्या आसपास आणि पायात चक्क स्पोर्ट्स शूज. जन्म किल्ल्यातला, घर आजही किल्ल्यातच. ते आम्हा दोघी मुलींना ‘बाईसा’ म्हणायला लागले, मग आम्हीही त्यांना ‘काकासा’ म्हणून टाकलं. त्यांची अट एकच होती. ‘सुबह साढ़े छह बजे. और शुरुआत तालाब से होगी, किले से नहीं.’

साडेसहा : आधी तलाव

डिसेंबरात इथे सात वाजून गेल्याशिवाय सूर्य उगवत नाही. त्यामुळे गडीसर तलावावर पोचलो तेव्हा अंधार होता आणि थंडीने दात वाजत होते. हळूहळू पाण्यातल्या छत्र्या दिसायला लागल्या. मग काठावरचे घाट, मग देवळं. उजाडलं तसं सगळंच पिवळं झालं. कॉपीरायटरने रील करायला फोन काढला, काकासांनी त्याला शांतपणे म्हटलं, ‘पहले देख लो, फिर दिखा देना.’

चौदाव्या शतकात महारावळ गडसी यांनी हा तलाव आजच्या रूपात बांधून काढला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ येईपर्यंत अख्खं गाव हेच पाणी प्यायचं. आजूबाजूच्या उघड्या माळावर पडणारा प्रत्येक थेंब उताराने इथे यावा, अशी सगळी रचना. तलाव भरून वाहिला तरी पाणी वाया जायचं नाही, ते पुढच्या तलावात जायचं, तो भरला की त्याच्या पुढच्या. अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ च्या पुस्तकात या तलावांच्या साखळीबद्दल वाचायला मिळतं. आता गडीसरमध्ये इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं. पंजाबातून सतलज-बियासचं पाणी इथवर आणणारा हा कालवा. त्यामुळे तलाव कोरडा पडत नाही, पेडलबोटी चालतात आणि पर्यटक माशांना पाव खाऊ घालतात.

घाटावर उतरायच्या वाटेवर एक देखणी कमान आहे, टिलों की पोल. ती टिलों नावाच्या एका गणिकेने बांधली, अशी गोष्ट सांगतात. तिच्या कमानीखालून आपण का जायचं, असं राजघराण्याला वाटलं. कमान पाडली जाणार हे कळताच टिलोंने वर देऊळ बांधून टाकलं. आता देऊळ कोण पाडणार! बँकवाली म्हणाली, ‘हिला आमच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये घ्यायला हवी होती.’

काकासांची आई याच घाटावरून डोक्यावर दोन घडे घेऊन किल्ला चढायची. त्या वेळच्या आंघोळीचं वर्णन त्यांनी अगदी हसत केलं. लाकडी खाटेवर बसायचं आणि खाली परात ठेवायची. अंगावरून गेलेलं पाणी परातीत जमायचं, त्यातच कपडे घासायचे आणि उरलं तर सडा-सारवणाला वापरायचं. भांडी मात्र वाळूनेच घासायची. ‘एक लोटा, तीन काम,’ ते म्हणाले. आमच्या हॉटेलातल्या शॉवरखाली आदल्या रात्री प्रत्येकाने किती वेळ काढला होता, याचा हिशेब आम्ही चौघांनी मनातल्या मनातच केला.

साडेआठ : जिवंत किल्ला

११५६ मध्ये रावळ जैसल यांनी त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला. एकूण ९९ बुरुज. दगडाला दगडाची खाच बसवून रचलेल्या भिंती, बऱ्याच ठिकाणी चुन्याशिवायच. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल असे चार दरवाजे ओलांडत चढ चढायचा. बाजूने रिक्षा, स्कूटर, गायी आणि शाळेला उशीर झालेली पोरं. कारण हा नुसता पाहायचा किल्ला नाही. आत आजही काही हजार माणसं राहतात, त्यांच्या वाण्याची दुकानं आहेत, शिंपी आहेत, भांडणंसुद्धा आहेत.

गल्लीतल्या घरांच्या भिंतींवर जागोजागी रंगवलेले गणपती दिसतात. शेजारी दोन नावं आणि तारीख. ही लग्नपत्रिका! घरात लग्न ठरलं की भिंतीवर गणपती काढायचा आणि वर-वधूची नावं लिहायची. सगळ्या गावाला आमंत्रण पोचलं. पुढचं लग्न होईपर्यंत रंग उडत राहतो, मग नवा गणपती येतो. कुठल्या घरात किती वर्षांत लग्न झालेलं नाही, हे चालता चालता कळतं. आयटीवाल्याने जाहीर केलं की त्याच्या सोसायटीच्या भिंतीवर असं काही लिहिलं तर सेक्रेटरी दंड लावेल.

जैन मंदिरं बघायलाच हवीत. बाराव्या ते सोळाव्या शतकातली, त्याच पिवळ्या दगडात कोरलेली. कमरेचा चामडी पट्टा बाहेर ठेवावा लागतो. पाण्याशी संबंध नाही असं इथे काही नाहीच म्हणा, कारण मंदिरांपासून थोड्याच अंतरावर जैसलू विहीर. श्रीकृष्णाने अर्जुनासाठी सुदर्शन चक्राने खडक फोडून पाणी काढलं, ती ही विहीर, असं सांगतात. खरं-खोटं सोडा, पण किल्ल्याच्या जन्मकथेत लढाईच्याही आधी पाणी येतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि पाणी बाहेर काढायची सोयही तितकीच चोख होती. टेकडीवर पडलेला पाऊस चारी दिशांनी खाली उतरून जावा म्हणून किल्ल्यात ‘घूट नाली’ नावाची जुनी व्यवस्था आहे. माथ्यावर पाणी थांबता कामा नये, हा नियम. कारण ही टेकडी अस्सल पाषाणाची नाही. ठिसूळ, गाळाच्या खडकाचे थर आहेत. ते भिजले की मऊ होतात.

इथे काकासा पहिल्यांदा गप्प झाले. मग म्हणाले, ‘चाय मेरे घर पे पीते हैं.’

एक भेग आणि काचेची पट्टी

घर तटबंदीला लागूनच. दारावर गणपती होता, रंग अजून ताजा, मुलीच्या लग्नाचा. आतल्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत गेलेली एक भेग. भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी, तिच्याखाली पेनाने तारीख. एका इंजिनिअर पाहुण्याने शिकवलेली युक्ती. भिंत हलली की काच तडकते. ही तिसरी पट्टी. आधीच्या दोन तडकल्या.

कारण सरळ आहे. घड्याने पाणी वर यायचं तेव्हा त्याचा हिशेब होता. मग नळ आले. मग पर्यटक आले, आपल्यासारखेच. ‘किल्ल्यात राहायचंय’ ही प्रत्येकाची इच्छा. घरांची गेस्ट हाउसं झाली आणि प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम आलं. शेकडो वर्षं कोरड्या राहिलेल्या टेकडीत पाणी रोज झिरपायला लागलं. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने १९९६, १९९८ आणि २००० अशा तीन वेळा जैसलमेरचा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर पाच किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. ऑगस्ट २०२४ मध्ये जोरदार पावसात तटाचा एक भाग कोसळला.

चहा घेऊन काकासांचा मुलगा आला. आमच्याच वयाचा, बी. कॉम. झालेला. त्याला वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी करायच्या आहेत. शेजाऱ्यांनी केल्याच आहेत. त्याचं गणित आम्हाला लगेच पटलं. महिन्याचे हप्ते, पोराच्या शाळेची फी, गाइडच्या कामाला असलेला फक्त थंडीचा सीझन. किल्ला संरक्षित असल्याने बांधकामाला परवानगी लागते, ती मिळवायचीही त्याची तयारी. ‘पापा को मनाओ,’ तो आमच्याकडे बघून म्हणाला. काकासांनी नुसतं भेगेकडे बोट दाखवलं. मुलगा म्हणाला, ‘दरार तो पड़ोसी के पानी से भी बढ़ेगी.’

यावर चौघांपैकी कुणालाच उत्तर सुचेना. चहा छान होता. पाणी अगदी नेमकं अर्धा ग्लास दिलं होतं.

दीड : जेवण आणि हवेल्या

जेवायला केर-सांगरी, बाजरीची भाकरी आणि कढी. केर ही झुडपाची फळं आणि सांगरी खेजडीच्या शेंगा, दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात. मारवाडी स्वयंपाकात ताक, दूध आणि तूप सढळ हाताने का पडतं, हेही काकासांनी सांगितलं. पाण्यापेक्षा ताक सोपं! गोडाला इथले खास घोटुआ लाडू. डाएटवाल्यांनी एक दिवस डोळे मिटून घ्यावेत.

दुपारी हवेल्या. पटव्यांची हवेली म्हणजे एक नाही, पाच हवेल्या एका रांगेत. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याच्या पाच मुलांच्या. पहिली १८०५ ची. जरी, अफू आणि सावकारी, असा पसारा होता. लेस विणावी तसे दगडात कोरलेले झरोके बघून कॉपीरायटरची बोलतीच बंद झाली, हे मी त्याला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा घडलं.

एवढा पैसा या रेताडात आला कुठून? उंटांच्या काफिल्यांतून. सिंध आणि त्यापलीकडे जाणारा माल जैसलमेरहून जायचा आणि राज्य त्यावर जकात घ्यायचं. मग एकोणिसाव्या शतकात जहाजांचे दिवस आले आणि व्यापार समुद्राकडे वळला. ‘आपके बंबई ने हमें खाली किया,’ काकासा मिश्कीलपणे म्हणाले. आपलं बंदर वाढत गेलं, तसे इथले शेटजी गाव सोडून गेले. १९४७ च्या फाळणीने पश्चिमेची वाट उरलीसुरली बंद केली. पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे सीमेवरच्या या गावाचं महत्त्व वाढलं. रस्ते आले, रेल्वे आली आणि त्यांच्या मागोमाग पर्यटक. एकदा मुंबईने रिकामं केलेलं गाव आता मुंबईच्या सुट्ट्यांवर चालतं, असंही म्हणता येईल.

साडेतीन : रिकामं गाव

शहरापासून साधारण १८ किलोमीटरवर कुलधरा. ‘हाँटेड’ म्हणून इंटरनेटवर गाजलेलं. प्रत्यक्षात दिसतात छपरं उडालेल्या घरांच्या रांगा, सरळ आखलेले रस्ते आणि भयाण शांतता. हे पालीवाल ब्राह्मणांचं गाव. दंतकथा अशी की जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची नजर इथल्या एका मुलीवर पडली. तेव्हा पालीवालांच्या ८४ गावांनी एका रात्रीत घरं सोडली आणि जाताना शाप दिला. सालिमसिंहाची मोरपिसाऱ्यासारख्या सज्ज्यांची हवेली आम्ही दुपारी पाहून आलो होतो, त्यामुळे गोष्ट चांगलीच रंगली.

पण काकासांचा भुतांवर विश्वास नाही. अभ्यासक जाचक करांबद्दल बोलतात, विहिरी आटल्याबद्दल बोलतात, काहींनी भूकंपाची शक्यताही मांडली आहे. काकासांना आम्हाला दाखवायची होती ती पालीवालांची शेती. खडीन म्हणतात तिला. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी सखल जागी मातीचा लांब बांध घालून अडवायचं. पाणी जमिनीत मुरलं की त्याच ओलीवर हिवाळ्यात गहू आणि हरभरा घ्यायचा. वेगळं सिंचन नाही, मोटर नाही. वर्षाला २०० मिलिमीटर पावसात गहू! जिल्ह्यात अशी खडिनं आजही कसली जातात. वाटेत एका बांधाआड हिरवा पट्टा दिसला. चहूकडे पिवळं आणि मध्ये तेवढंच हिरवं.

बँकवाली बराच वेळ एका घराच्या उंबरठ्यावर उभी होती. मग म्हणाली, ‘किल्ला असा व्हायला किती वर्षं लागतील?’

प्रश्न भोचक होता, पण काकासांनी तो मनावर घेतला. त्यांच्या मते किल्ल्याला दोन धोके आहेत. एक पाण्याचा. दुसरा माणसं निघून जाण्याचा. सगळ्यांना खाली नवीन वस्तीत हलवलं तर टेकडी कोरडी राहील, पण भिंतीवर गणपती कुणी काढायचे? तिकीट काढून बघायचे दगड तेवढे उरतील. तसलं गाव बघायला कुलधरा आहेच की.

सव्वापाच : वाळू

सूर्यास्ताला सम. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. खोटं कशाला सांगू, पहिली दहा मिनिटं डोकं उठतं. जीपगाड्यांचा धुरळा, डीजे, फिल्मी नावांचे उंट आणि ‘मॅडम, कॅमल राइड’चा धोशा. तंबूंना अटॅच्ड बाथरूम, काही कॅम्पना तर स्विमिंग पूल. काकासांनी गाडी मुख्य रस्त्यापासून बरीच पुढे थांबवली आणि आम्हाला पायी एका टेकाडामागे नेलं. तिथे मात्र वाऱ्याने वाळूवर काढलेल्या रेघा होत्या आणि भुंग्यासारख्या किड्याच्या पावलांची बारीक नक्षी. सूर्य लाल झाला, मग चपटा झाला आणि टचकन बुडाला. पाच मिनिटांत थंडी.

परतीच्या वाटेवर काकासांचा फोन वाजला. मुलगा होता. बोलणं मारवाडीत चाललं होतं, पण ‘बाथरूम’ हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच. फोन ठेवल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. मुलाने नवा प्रस्ताव मांडला होता. खोल्या नकोत, गच्चीवर जेवण सुरू करू. पाहुणे झोपायला खाली, किल्ल्याबाहेर. ‘बर्तन तो धोने पड़ेंगे,’ काकासा म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे, ‘रेत से भी धुल जाते हैं.’

समोर अंधारात किल्ल्याचे दिवे दिसायला लागले होते.

तुम्ही जाताय?

कसं जाल : जोधपूरपर्यंत रेल्वे किंवा विमान. तिथून रेल्वेने किंवा रस्त्याने पाच-सहा तास.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री कडाक्याची थंडी असते, स्वेटर हवाच. मे-जूनमध्ये जायचं धाडस नको.

कुठे राहाल : किल्ल्याच्या बाहेर, खालच्या गावात. गच्चीवरून किल्ला दिसतो अशी भरपूर हॉटेलं आहेत. उलट किल्ल्यातून किल्ला दिसत नाही!

किल्ल्यात काय कराल : मनसोक्त फिरा, जेवा, चहा प्या, खरेदी करा. तिथल्या माणसांच्या हातात पैसे पडू द्या. आंघोळ तेवढी खाली करा.

गाइड : ओळखपत्र बघून आणि दर आधी ठरवून घ्या. त्यांना सांगा, सुरुवात तलावापासून करू.